जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरावे की नाही, हे कसे ठरवावे?

सुरुबन
भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही चार कुटुंबे मिळून दापोली तालुक्यात जाणार आहोत. मुक्काम केळशी आणि आंजर्ले यांच्या पट्ट्यात आहे. मुले सहा ते चौदा या वयोगटातील आहेत आणि त्यांच्या डोक्यात समुद्राशिवाय दुसरा विषय नाही. किनारा लांबलचक व शांत आहे, पण तेथे जीवरक्षक, टेहळणीचा मनोरा किंवा बावटा यांपैकी काहीही नाही. मुक्कामाच्या ठिकाणी विचारले, तेव्हा "लोक रोज उतरतात, काही होत नाही" एवढेच उत्तर मिळाले.

माझे मत आधीच मांडतो. तलावात पोहायला येणे आणि फुटणाऱ्या लाटांच्या समुद्रात सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील बहुतेक सहली ही गल्लत करून निघतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. ते दिवस ना पावसाळ्याचे होते, ना वादळाचे. म्हणून विचारतो, की देखरेख नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी नेमके काय पाहावे आणि कोणत्या खुणा दिसल्या तर मुलांना सरळ "आज नाही" असे सांगावे?

नीलमोहर
एक खुलासा करते, कारण नव्या वाचकांचा गोंधळ होईल. २०१६ ची दुर्घटना रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिऱ्याच्या मुरुडची आहे. दापोलीजवळही मुरुड नावाचे गाव व किनारा आहे, पण तो वेगळा.

पांथस्थ
माझे उत्तर कदाचित कठोर वाटेल. जेथे जीवरक्षक नाही तेथे पाण्यात उतरण्यास कायमची बंदी असावी, आणि ती केवळ फलकावर नसावी, तर अंमलात असावी. पाण्याची पारख नसलेल्या माणसाने दहा खुणा पाठ केल्या, तरी प्रत्यक्ष किनाऱ्यावर मुले हात ओढू लागली की त्या आठवत नाहीत. किनाऱ्यावर वाळू आहे, सुरूची बने आहेत, सूर्यास्त आहे. पाण्यात गेलेच पाहिजे असे काही नाही.

हर्णै_बंदर
सुरुबन, तुम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीचे म्हणता म्हणून मुद्दाम लिहीत आहे. आमच्या घरात होडी आहे आणि लहानपणापासून दिवसाची सुरुवात तिथी पाहूनच होते.

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते. पाणी जास्त चढते व तितकेच जास्त उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. उधाणाचा खरा जोर अमावास्येच्या दिवशी नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो, म्हणजे नेमका पाडवा-भाऊबिजेच्या सुमारास. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. हा हिशोब मुंबईच्या जवळपास बरोबर बसतो आणि दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, म्हणून भरतीचे छापील कोष्टक पाहणे अधिक चांगले.

आता यातून काय निघते ते पाहा. तुमच्या मुक्कामात पूर्ण भरती दुपारी एक-दोनच्या सुमारास असेल आणि त्यानंतर सहा तास पाणी उतरत राहील. पर्यटक जेवून, थोडी झोप काढून साडेतीन-चार वाजता किनाऱ्यावर येतात, म्हणजे उधाणाची सुकती ऐन वेगात असते तेव्हाच पाण्यात शिरतात. दिवाळीच्या सुट्टीत दरवर्षी असेच घडते, कारण दिवाळी अमावास्येलाच असते.

आणखी एक गोष्ट. केळशीला भारजा नदीची खाडी आहे, आंजर्ल्याला जोग नदीची. खाडीच्या तोंडाशी सुकतीच्या वेळी सगळे पाणी एका अरुंद वाटेने बाहेर पडते. वरून ते सपाट, शांत दिसते. तेथे गुडघाभर पाण्यातही उभे राहू नका आणि "पलीकडे चालत जाता येते का" हे पाहण्याच्या फंदात पडू नका.

सुरुबन
दुपारच्या वेळेचा हा मुद्दा माझ्या मुळीच लक्षात आला नव्हता. आमचा बेत अगदी तसाच होता. मनापासून आभार, दादा.

भूगोलशिक्षक
हर्णै_बंदर यांनी भरती-सुकतीचे सांगितले, त्याला लाटांची बाजू जोडतो, कारण मोकळ्या किनाऱ्यावर माणसे बहुधा भरतीच्या पाण्यामुळे नव्हे, तर लाटांनी निर्माण केलेल्या ओढीमुळे बुडतात.

लाटा फुटत फुटत किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जाण्यासाठी सोपी वाट शोधते. किनाऱ्यापासून काही अंतरावर वाळूचे दांडे असतात आणि त्यांच्यामध्ये कोठेतरी खोलगट चर असतो. सगळे पाणी त्या चराकडे वळते आणि तेथून वेगाने समुद्राकडे जाते. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर सहज असतो आणि जोर असला तर दोन मीटरपर्यंतही जातो. १०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा आहे, म्हणजे जगातील सर्वांत वेगवान जलतरणपटूलाही स्वच्छ, स्थिर तलावात सेकंदाला सव्वादोन मीटर जमत नाही. अशा प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे पोहत येण्याची स्पर्धा आपण कोणीच जिंकू शकत नाही.

फसवणूक अशी, की चरावर पाणी खोल असल्याने तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, सपाट, निवांत दिसणारा पट्टा, असे चित्र दिसते. अनोळखी माणूस मुलांना घेऊन नेमका त्याच पट्ट्यात उतरतो, कारण तेथे लाटा नाहीत. म्हणून पहिली खूण हीच, की लाटांच्या रांगेत खंड पडलेला दिसला तर ती जागा टाळावी. फेस, पालापाचोळा किंवा ढवळलेली वाळू समुद्राकडे वाहत जाताना दिसली तर ती दुसरी खूण. हे किनाऱ्याच्या पातळीवरून नीट कळत नाही. थोड्या उंचीवरून, वाळूच्या टेकाडावरून किंवा बांधावरून पाहिले तर चांगले कळते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरबद्दल विशेष सावधगिरी बाळगा. पावसाळ्याच्या लाटा किनाऱ्यावरची वाळू खेचून नेतात आणि पुढच्या शांत महिन्यांत ती हळूहळू परत येते. दिवाळीच्या सुमारास ही भर अजून पुरी झालेली नसते. मागच्या मे महिन्यात जेथे सपाट, उथळ तळ होता, तेथे आता चर असू शकतो. "मागच्या वेळी येथेच पोहलो होतो" हा आधार म्हणून धरू नये.

कातळशिल्प
मी या व्यवसायात आहे, घरगुती निवासाची सोय करतो, म्हणून पांथस्थ यांच्या बंदीच्या मुद्द्यावर बोलतो. पावसाळ्यात प्रशासनाचे मनाईचे आदेश निघतात आणि ते योग्यच आहे. पण वर्षभर बंदी घातली तर दोन गोष्टी होतील. लोक आमच्यासमोर उतरण्याऐवजी आडबाजूला, कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी उतरतील. दुसरे असे, की सगळेच धोकादायक ठरवले, तर खाडीच्या तोंडाशी असलेला खरा धोका आणि भांगाच्या दिवशी सकाळचे घोटाभर पाणी यांतील फरक सांगण्याची सोयच उरणार नाही.

मात्र सुरुबन यांना मिळालेले "काही होत नाही" हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. पाहुण्याला भरतीची वेळ आणि टाळायची जागा सांगणे हे यजमानाचे काम आहे. आम्ही भरती-सुकतीच्या वेळा जेवणघरातील फळ्यावर लिहितो. त्याला दोन मिनिटे लागतात.

पांथस्थ
तुम्ही लिहिता, हे चांगले आहे, पण किती जण लिहितात? कोणाच्या चांगुलपणावर लहान मुलांचे जीव सोपवायचे का, हा माझा प्रश्न आहे. गोव्यात काय केले आहे ते पाहा.

मांडवी
गोव्यात राहते, म्हणून सांगते. २००८ पासून राज्य सरकारने किनाऱ्यांवरील जीवरक्षणाचे काम दृष्टी या संस्थेकडे दिले आहे. सकाळी साडेसात ते सायंकाळी सहापर्यंत जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या बावट्यांच्या जोडीमधील भाग देखरेखीखाली असतो आणि लाल बावटा असेल तेथे उतरायचे नसते. इतके असूनही बावट्यांच्या बाहेर, अंधार पडल्यावर आणि मद्यपान करून उतरणारे लोक दिसतातच. मुंबईतही गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई येथे अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली जीवरक्षक असतात, तरीही जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या दिवसांत जुहूला चार मुले गेली.

माझे म्हणणे एवढेच, की जीवरक्षक हवेतच आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या किनारी गावांनी मागणी लावून धरली पाहिजे. पण सुरुबन यांची सहल काही आठवड्यांवर आली आहे. त्या किनाऱ्यावर तोपर्यंत कोणी येणार नाही, हे धरूनच त्यांना सल्ला द्यावा लागेल.

अनुजा_मेलबर्न
ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरच्या गस्तीची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, पण किनारे हजारोंनी आहेत आणि गस्त त्यांतील थोड्यांवरच असते. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप बेटावर फॉरेस्ट केव्ह्ज या गस्त नसलेल्या किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर येथील भारतीय मंडळांमध्ये या विषयावर खूप बोलणे झाले. आमच्या मराठी मंडळींत एक पद्धत तेव्हापासून पक्की झाली, ती सांगते.

पाण्याजवळ पोहोचल्यावर लगेच कोणीही उतरत नाही. सामान वाळूवर ठेवून सगळे जण किमान १५ मिनिटे फक्त पाहत बसतात. मोठ्या लाटा एकामागून एक झुंडीने येतात आणि दोन झुंडींमध्ये समुद्र काही मिनिटे अगदी शहाण्यासारखा वागतो. नेमक्या त्या शांत काळात आलेला माणूस समुद्र शांत आहे असे समजून आत जातो आणि पुढची झुंड त्याला कमरेएवढ्या पाण्यात गाठते. पंधरा मिनिटांत हे चक्र एकदा तरी डोळ्यांसमोरून जाते.

दुसरे असे, की एक प्रौढ व्यक्ती कोरडी राहते. तिने मोबाइल पाहायचा नाही, छायाचित्रे काढायची नाहीत, भजीही तळायची नाहीत. फक्त डोकी मोजायची. पाळीपाळीने हे काम बदलते.

प्रवाहात सापडल्यास घाबरू नये आणि किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर यावे, हे येथे शाळेतच शिकवतात.

भूगोलशिक्षक
अनुजाताई, समांतर पोहण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण या सल्ल्यावर गेल्या काही वर्षांत संशोधकांनीच पुनर्विचार केला आहे. ऑस्ट्रेलियातील रॉब ब्रँडर यांनी पाण्यात जांभळा रंग सोडून हे प्रवाह डोळ्यांना दिसतील असे प्रयोग केले. अमेरिकेत जेमी मॅकमहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरंगती उपकरणे सोडून त्यांचा माग काढला, तेव्हा बरीचशी उपकरणे खोल समुद्रात न जाता लाटा फुटण्याच्या पट्ट्यातच गोल फिरून उथळ दांड्यावर परत येताना आढळली. मात्र सगळेच प्रवाह असे वागत नाहीत, काही सरळ बाहेरही नेतात. पाणी गोल फिरत असेल, तर समांतर पोहताना एका बाजूला प्रवाहाची मदत होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच विरुद्ध हात मारावे लागतात.

म्हणून आता भर पहिल्या टप्प्यावर दिला जातो. आधी तरंगावे, श्वास सांभाळावा, हात वर करून मदत मागावी. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो, आणि लाटांच्या पट्ट्यापलीकडे त्याचा जोर ओसरतो. दम असेल तर जिकडे फेस दिसतो, म्हणजे लाटा फुटत आहेत व तळ उथळ आहे, तिकडे पोहावे. एका बाजूला जमत नसेल तर दुसरी बाजू धरावी. ज्याला पाठीवर निवांत तरंगता येत नाही, त्याने कमरेच्या वर पाण्यात जाऊच नये.

अनुजा_मेलबर्न
पटले. येथील नव्या सूचनांमध्येही "आधी तरंगा" हेच पुढे आलेले आहे. माझ्या वाक्यात तो टप्पा राहून गेला.

हर्णै_बंदर
मासेमारी करणारी माणसे पाण्यात पडली तरी हेच करतात. होडी येईपर्यंत दम राखायचा.

शेवंती
मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करते. वरील चर्चेत एक बाब आलेली नाही आणि ती फार महत्त्वाची आहे.

बुडणारा माणूस ओरडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांच्या चित्रफितींचा अभ्यास करून हे दाखवून दिले. तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घेण्यालाच वेळ पुरत नाही, तर हाक कोठून मारणार? हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे तो हात हलवून बोलावूही शकत नाही. शरीर उभे असते, पाय चालत नाहीत, डोके मागे कललेले असते. हे सारे २० ते ६० सेकंदांत संपते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला मूल पाण्यात खेळत आहे असेच वाटते. दंगा करणारे मूल अचानक गप्प झाले, तर ताबडतोब त्याच्याकडे पाहावे.

दुसरी गोष्ट वाचवायला जाणाऱ्यांची. एक बुडतो, त्याला वाचवायला भाऊ जातो, मग वडील जातात. आपल्याकडील बातम्यांत एकाच घरातील अनेक मृत्यू दिसतात, त्याचे हे मोठे कारण आहे. हातात तरंगणारी वस्तू नसेल तर पाण्यात शिरू नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, हवा भरलेली ट्यूब, दोरी, लांब बांबू, जे मिळेल ते फेकावे किंवा पुढे करावे. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर दूरध्वनी करावा. तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ आहे, पण सर्वांत आधी धावून येईल तो जवळचा होडीवाला. त्याचा क्रमांक आधीच घेऊन ठेवा.

बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबू नका, तिला उलटे टांगू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास देऊन सुरुवात करावी, कारण येथे शरीराला मुख्य उणीव प्राणवायूची असते. मग छातीच्या मध्यावर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मदत पोहोचेपर्यंत. शुद्धीवर आलेल्यालाही त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. चार कुटुंबांतील किमान दोघांनी निघण्यापूर्वी हे प्रशिक्षण घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नीलमोहर
ट्यूबबद्दल एक शंका. मुलांना ट्यूब किंवा हवेची गादी देऊन पाण्यात सोडलेले दिसते. ते कितपत सुरक्षित?

हर्णै_बंदर
फेकायला ठीक, बसायला नाही. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो. हलकी गादी त्या वाऱ्यावर बघता बघता बाहेर जाते आणि मूल तिच्यावरच बसलेले असते.

भूगोलशिक्षक
आकाश निरभ्र असतानाही उंच लाटा येऊ शकतात, हेही नोंदवतो. दक्षिण हिंदी महासागरात वादळे झाली की तेथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. येथे ना ढग, ना वारा. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमूर किनाऱ्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी अशाच दिवसांत वाहून गेले, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने उंच लाटांचा इशारा तेव्हा दिलेला होता. हा इशारा जिल्हावार प्रसिद्ध होतो. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि मुक्कामात रोज सकाळी तो पाहावा. इशारा असेल तर खडकांवरही जाऊ नये. हेदवीच्या बामणघळीसारख्या ठिकाणी लाट कातळातील चिरेतून केवढी उसळते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

पांथस्थ
मी माझे मत बदललेले नाही, तरी एक मान्य करतो. वर आलेली माहिती गावाच्या प्रत्येक वाहनतळावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्या दिवसाच्या भरतीच्या वेळेसह लावली, तर निम्मे काम होईल. "समुद्र धोकादायक आहे" एवढाच फलक कोणी वाचत नाही, कारण त्यातून आज, येथे, आत्ता काय करायचे ते कळत नाही.

कातळशिल्प
या मुद्द्यावर आपले एकमत आहे. आमच्या ग्रामपंचायतीत खाडीच्या तोंडाशी असा फलक उभारण्याचा विषय मी पुढच्या सभेत मांडणार आहे. मजकूर येथेच सर्वांनी तपासून दिलात तर बरे होईल.

सुरुबन
सर्वांचे वाचून आम्ही चारही कुटुंबांनी बसून बेत नव्याने आखला. तो चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

पाण्याकडे जायचे ते सकाळी साडेनऊच्या सुमारास, पाणी चढत असताना. दुपारनंतर पाण्यात कोणीच जाणार नाही, मोठी माणसेही नाहीत. संध्याकाळ वाळूवर आणि सुरूच्या बनात. जागा खाडीच्या तोंडापासून पुष्कळ दूर, आणि तीही तेथील मच्छीमारांना विचारून. आधी १५ मिनिटे बसून पाहणे. सहा ते दहा वर्षांची मुले त्यांच्या स्वतःच्या घोट्यापर्यंतच्या पाण्यात, प्रत्येकाचा हात एका मोठ्याच्या हातात. मोठी मुले त्यांच्या गुडघ्यापर्यंत, जीवरक्षक जाकीट घालून. एक जण कोरडा. दोरी आणि दोन रिकामे कॅन गाडीत टाकले आहेत. छातीदाबाचे प्रशिक्षण माझी पत्नी आणि तिचा भाऊ पुढच्या रविवारी घेत आहेत. इन्कॉइसचा इशारा असेल तर त्या दिवशी समुद्राऐवजी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाऊ.

शेवंती
उत्तम. "त्यांच्या स्वतःच्या घोट्यापर्यंत" हे शब्द मुलांसमोर मोठ्याने सांगा. आपण गुडघाभर म्हणतो, तेव्हा आपला गुडघा डोळ्यांसमोर असतो आणि सहा वर्षांच्या मुलाची तेथे कंबर असते.

हर्णै_बंदर
वेळ बरोबर निवडली आहे. एकच दुरुस्ती. पाणी चढत असताना तुमच्या पाठीमागे सखल भाग असेल तर तो आधी भरतो आणि तुम्ही मधल्या वाळूच्या उंचवट्यावर अडकता. सामान अगदी वरच्या रेषेपाशी ठेवा, गाडी वाळूत आणू नका, आणि साडेअकराला सगळ्यांना बाहेर बोलवा, मुले कितीही रडली तरी. निघायच्या आदल्या दिवशी येथे निरोप टाका. त्या दिवसाच्या नेमक्या वेळा आणि खाडीच्या तोंडाशी वाळू कशी बसली आहे, ते बंदरावर विचारून कळवतो.